आळ ग्राफिक्स कार्डवर, दोष प्रोसेसरचा

२०२३ संपता संपता जगभरातले गेम खेळणारे एका विचित्र तक्रारीने हैराण झाले होते. संगणक घरी जुळवलेला, नवाकोरा आणि महागडा. आत इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय९ प्रोसेसर, आणि १६ नाहीतर २४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड. गेम सुरू करताना शेडर तयार होत असल्याची पट्टी थोडी सरकायची आणि मग पडद्यावर संदेश यायचा, ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली. २४ जीबी मेमरी, तीही गेमच्या पहिल्याच पडद्यावर? लोकांनी ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, विंडोज नव्याने टाकलं, काहींनी तर कार्डही बदलून आणलं. संदेश जिथल्या तिथे.

कार्डात काही बिघडलेलंच नव्हतं. अनरियल इंजिनवर बनलेल्या गेममधली बरीचशी माहिती आवळून साठवलेली असते. ती उलगडण्याचं काम ऊडल नावाची प्रणाली प्रोसेसरकडून करून घेते आणि उलगडलेली माहिती धड आहे ना, हेही तपासते. प्रोसेसर अधूनमधून चुकीचं उत्तर देत होता, त्यामुळे ही तपासणी फसत होती, आणि गेम हाताशी असेल तो संदेश दाखवून मोकळा होत होता. २०२४च्या सुरुवातीला ऊडलच्या निर्मात्यांनी हे उघडपणे सांगितलं. एप्रिलमध्ये एनव्हिडियानेही अशा ग्राहकांना इंटेलकडे बोट दाखवलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत आहेत. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी अशा दोन सुधारणा आल्या. खोक्यासह विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. मात्र या सुधारणांनी पुढची झीज थांबते, आधीच झिजलेला प्रोसेसर बरा होत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचा, ६५ वॅट किंवा त्याहून मोठा डेस्कटॉप प्रोसेसर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी मदरबोर्डचं बायॉस सप्टेंबर २०२४ नंतरचं आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावं.

नव्या संगणकाची दुरुस्ती करायला बसणाऱ्याने हा प्रसंग डोक्यात पक्का ठेवावा. पडद्यावरचा संदेश बळी कोण पडलं तेवढं सांगतो, मारणारा कोण हे त्याला माहीत असेलच असं नाही. तेव्हा संदेशातल्या शब्दांवर विसंबण्यापेक्षा बिघाड कधी होतो, काय करताना होतो आणि काय बदललं की थांबतो, याकडे लक्ष दिलेलं बरं. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी होते, आणि या प्रकरणातला संन्यासी बहुतेक वेळा संगणकातला सर्वांत महागडा भाग असतो.

जुळवलेला संगणक सुरूच होत नसेल, तर घाबरण्याचं कारण फारसं नसतं. अशा दहा तक्रारींतल्या बहुतेक तक्रारी काहीतरी खोचायचं राहिल्यामुळे आलेल्या असतात. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण बंद राहिलेलं असतं. मदरबोर्डची २४ पिनांची मोठी केबल अर्धीच बसलेली असते. सर्वांत जास्त विसरली जाते ती प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल. तिचं सॉकेट बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं, कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तिथे हात जात नाही आणि ते दिसतही नाही. ही केबल राहिली की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची केबल तिच्यासारखीच दिसते, म्हणून फरक ओळखून ठेवावा. प्रोसेसरची केबल चार आणि चार अशी दुभंगते, कार्डची सहा आणि दोन अशी. दोन्हींतल्या तारांची मांडणी उलटसुलट असते. सहज बसत नसेल तर जोर लावू नये.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि बोर्डवर चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. पट्टी खट्ट आवाज होईपर्यंत दाबावी लागते. नवशिक्याला वाटतं त्यापेक्षा जास्तच जोर लागतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला न लावता बोर्डाला लावायची, ही चूक तर अनुभवी माणसांच्या हातूनही होते. आय५ १२४००एफसारख्या, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये चित्र उमटवणारा भागच नसतो. रायझन ५ ५६००मध्येही तो नाही, ५६००जीमध्ये आहे. असा प्रोसेसर असेल तर बोर्डच्या मागच्या एचडीएमआयमधून कधीच काही दिसणार नाही.

डीडीआर५ रॅमच्या काळात एक नवीच गंमत सुरू झाली आहे. बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी वेळेचं गणित जुळवतं, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर पडदा पूर्ण काळा असतो. माणूस दोन मिनिटांत कंटाळतो, बटण दाबून बंद करतो, पुन्हा सुरू करतो आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. अशा वेळी पंधरा मिनिटं संगणकाला हात लावू नये. चहा करून प्यावा.

तरीही काळोखच असेल तर बोर्डवरचे चार बारीक दिवे बघावेत. बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे दिवे असतात. ज्या पायरीवर गाडी अडली तो दिवा लागून राहतो. इथेही तोच सावधपणा हवा: डीरॅमचा दिवा म्हणजे रॅम खराब, असं नाही. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तरी तोच दिवा लागतो. सीपीयूचा दिवा लागला आणि प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असला, तर बायॉस जुनं असण्याचा संभव मोठा. ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या रायझन ९०००ला त्याआधी दुकानात येऊन पडलेलं बी६५० बोर्ड ओळखेलच असं नाही. बोर्डला बायॉस फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हवरून ते अद्ययावत करता येतं. खरेदी करतानाच ही सोय आहे का ते विचारावं.

यातल्या कशानेच काम झालं नाही, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावं. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये चित्र उमटवणारा भाग नसेल तरच ग्राफिक्स कार्ड; बाकी काही नाही. असं ठेवून चालू झालं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डखाली एखादा पितळी आधार नको त्या ठिकाणी राहिलाय आणि तो मागच्या बाजूने शॉर्ट करतोय, हे यातलं नेहमीचं कारण.

खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकारात असते. संगणक चालतो, विंडोज टाकून होतं, दोन दिवस छान जातात, आणि मग कधीतरी तो बंद पडतो. इथे ‘बंद पडतो’ हा शब्द अपुरा आहे. दुकानदाराला फोन करण्याआधी नेमकं काय झालं ते नोंदवून ठेवावं. दिवा विझल्यासारखा एकदम मेला, तर संशय विजेवर किंवा अति तापण्यावर. काही न सांगता स्वतःच रिस्टार्ट झाला, तर वीज, प्रोसेसर किंवा रॅम. चित्र जागच्या जागी गोठलं आणि स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहिला, तर बहुधा रॅम किंवा प्रोसेसर. पडदा काळा झाला, पण मागे गाणं चालूच राहिलं, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा नुसती मॉनिटरची केबल. फक्त एकच गेम बंद पडतो आणि बाकी सगळं आठवडाभर सुरळीत चालतं, तर आधी त्या गेमकडे बघावं.

विंडोज स्वतःही नोंदी ठेवतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप केलं की दिवसवार बिघाडांचा एक आलेख उघडतो. फार थोड्या लोकांना तो ठाऊक आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की अनेकजण एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती उघडून आत बगचेक कोड बघावा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही; म्हणजे वीज गेली, यंत्र गोठलं किंवा कुणीतरी बटण दाबून धरलं. ‘व्ही’पासून नव्हे, ‘डब्ल्यू’पासून सुरू होणारी ‘व्हीया-लॉगर’ ही नोंद जास्त मोलाची. हार्डवेअरनेच आपली चूक कळवली, असा तिचा अर्थ. एखादी नोंद सोडून द्यावी, पण रोज तशा नोंदी येत असतील तर यंत्रात दोष आहे हे धरून चालावं.

प्रत्येक निळा पडदा हार्डवेअरचा नसतो, याचा दाखला १९ जुलै २०२४ला साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे एका दिवसात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमानतळ आणि रुग्णालयं अडकून पडली, आणि त्यातल्या एकाही संगणकाचा सुटा भाग खराब नव्हता. घरी हा फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे उबुंटूसारखं एखादं लिनक्स पेनड्राइव्हवर घालून त्यावरूनच संगणक दोन-तीन तास चालवायचा. तिथेही कोसळला तर विंडोज निर्दोष.

संशयितांच्या यादीत पहिला क्रमांक रॅमला द्यावा. ती फार खराब निघते म्हणून नव्हे. ती तपासायला फुकट आहे म्हणून, आणि तिचा वेग आपणच वाढवून ठेवलेला असतो म्हणून. ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम मुळात ४८०० किंवा तत्सम प्रमाणित वेगानेच सुरू होते. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केलं की ६०००वर जाते. खोक्यावर छापलेला असला तरी हा वेग तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच आहे. प्रत्येक प्रोसेसरला आणि प्रत्येक बोर्डला तो झेपेल याची हमी कुणी देत नाही. दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या तर ओझं आणखी वाढतं. नवा संगणक अस्थिर असेल तर सर्वांत पहिली कृती हीच, एक्सएमपी बंद करून दोन दिवस वापरून पाहणं. तेवढ्याने सगळं शांत झालं तर निदान झालं. मग वेग एक-दोन पायऱ्या उतरवून ठेवला तरी रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

एक्सएमपी बंद करूनही त्रास चालू असेल तर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवावं. सकाळी लाल रंगातली एक जरी चूक दिसली तरी ती जास्तच आहे; ‘एकच तर आहे’ असं म्हणून सोडून देण्याची गोष्ट ही नाही. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासावी. चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते, त्यावर पट्टी खराब की बोर्ड हे ठरतं.

रॅम चुकते, यात नवल नाही. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास करून २००९मध्ये दाखवलं होतं, की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मोड्यूलमध्ये निदान एक तरी दुरुस्त करता येण्याजोगी चूक होते. सर्व्हरच्या रॅममध्ये अशी चूक पकडून सुधारण्याची, ईसीसी नावाची सोय असते. घरच्या संगणकात बहुधा ती नसते. डीडीआर५च्या जाहिरातीत दिसणारं ‘ऑन-डाय ईसीसी’ चिपच्या आतल्या आतच काम करतं. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ते पकडत नाही. म्हणून सदोष रॅमचा खरा धोका निळ्या पडद्यात नसून तो न येण्यात आहे. चूक झाली तरी संगणक चालत राहतो, आणि लग्नाच्या फोटोंची फाइल नकळत खराब होऊन डिस्कवर जाते.

तापमानाबद्दल गैरसमज फार आहेत. रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जातात आणि तसेच चालावेत अशीच त्यांची रचना आहे, हे एएमडीने सुरुवातीलाच सांगितलं. तेव्हा व्हिडिओ एन्कोड होताना ९३ दिसले म्हणून दुकान गाठण्याची गरज नाही. पण नुसता डेस्कटॉप उघडा असताना ८० अंश दिसत असतील तर काहीतरी चुकलंय. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढायची राहिली का ते आधी बघावं. मग चारही स्क्रू सारखे आवळलेत का, पाण्याच्या कूलरचा पंप खरंच फिरतोय का. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर सगळे आकडे दाखवतं. तापमान शंभराला टेकून प्रोसेसरचा वेग घसरतोय का, हेही त्यात कळतं.

तापमान ठीक असूनही व्होल्टेज घात करू शकतं. एप्रिल २०२३मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी आणि त्याच्या भावंडांचे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, त्यांच्या तळाला फुगवटे आले. एक्सपो चालू केल्यावर काही बोर्डं प्रोसेसरच्या एसओसी भागाला प्रमाणाबाहेर व्होल्टेज देत होती. एएमडीने नवं बायॉस काढून ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. ‘चालतंय ना, मग बायॉसला हात कशाला’ हा जुन्या कारागिरांचा सल्ला एकेकाळी शहाणपणाचा होता. आज नव्या बोर्डावर पहिलं काम बायॉस अद्ययावत करण्याचंच असायला हवं. वीज जाण्याची भीती असेल तर तेवढ्यापुरता यूपीएस लावावा.

विजेकडे आपल्याकडे जरा जास्तच बारकाईने बघायला हवं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, खर्चाची यादी करताना प्रोसेसर आणि कार्डवर तासभर चर्चा होते, आणि शेवटी उरलेल्या पैशांत एसएमपीएस घेतला जातो. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट असा ठसठशीत आकडा असतो. त्याकडे न बघता बाजूचं बारीक कोष्टक वाचावं. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? समजा १८ असतील, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. म्हणजे खरी ताकद २१६ची, बाकी छपाई. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही.

मोठी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. सरासरी भार पेलणारा एसएमपीएसही अशा झटक्याला स्वतःला बंद करून घेतो. गेममध्ये ऐन स्फोटाच्या प्रसंगी संगणक मरतो, एरवी नाही, तेव्हा या झटक्यांचा विचार करावा. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अट आली ती यामुळेच. कार्डला दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबली द्याव्यात. एकाच केबलीचं दुसरं शेपूट वापरणं टाळावं.

ऑक्टोबर २०२२मध्ये आरटीएक्स ४०९० आलं आणि काही दिवसांतच त्याच्या नव्या १६ पिनांच्या जोडण्या वितळल्याचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्याचं सांगितलं. जोडणी पूर्ण आत न बसणं हे कारण त्यांनी पुढे केलं. पुढच्या सुधारित जोडणीत संदेशाच्या पिना आखूड करण्यात आल्या, म्हणजे जोडणी अर्धवट बसली तर कार्डने वीजच ओढू नये. तरीही २०२५मध्ये आरटीएक्स ५०९०च्या काही केबली जळाल्याच. अशी जोडणी शेवटपर्यंत आत दाबावी आणि तिच्या तोंडापाशीच केबल वाकवू नये. कॅबिनेटचं झाकण केबलीला चेपत असेल तर कॅबिनेट बदलणं स्वस्त पडतं.

दोन गोष्टी जीव तोडून सांगण्यासारख्या आहेत. एक, सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीच्या केबली कधीही लावू नयेत. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येकाची मांडणी वेगळी असते, आणि चूक झाली की एका क्षणात सगळ्या डिस्क जातात. दुसरी, एसएमपीएस उघडू नये. वीज काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

भिंतीतला दोषही अनेकदा संगणकाच्या माथी मारला जातो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही, असं समजावं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मं, ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. त्यातून जाणारा प्रवाह अगदी क्षीण असला तरी यूएसबी आणि आवाजाच्या तक्रारी त्यातून येतात, आणि उद्या आत शॉर्ट झालं तर वाचवणारं कुणी नसतं. हे काम वायरमनचं, संगणकवाल्याचं नव्हे. यूपीएसच्या बाबतीत आकडे नीट वाचावेत. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. दिवे गेले की यूपीएस असूनही संगणक बंद पडतो, तो बहुधा या हिशेबामुळे.

ग्राफिक्स कार्डबद्दल थोडंच. कार्डने दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळे. जुना ड्रायव्हर डीडीयू या साधनाने मुळापासून काढून नवा टाकावा, कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा बसवावं, जड कार्ड खाली झुकलं असेल तर आधार द्यावा. शक्य असेल तर तेच कार्ड मित्राच्या संगणकात एक दिवस चालवून बघावं. यापेक्षा खात्रीची चाचणी नाही. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरतं. एम.२ स्लॉट वापरल्यावर काही बोर्डांवर साटाची एक-दोन सॉकेट बंद होतात, त्यामुळे ‘हार्ड डिस्क दिसत नाही’ म्हणण्याआधी बोर्डचं माहितीपुस्तक चाळावं.

या सगळ्यात एकच पथ्य कडक आहे: एका वेळी एकच बदल. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला आणि बायॉसही नवं टाकलं, मग बिघाड थांबला. तर कशाने थांबला हे कधीच कळत नाही आणि तो परतला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. या पथ्याचा सर्वांत सुंदर नमुना १९९४चा आहे. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. मार्चमध्ये त्यांनी आपल्या संगणकांच्या ताफ्यात एक पेंटियम आणला, जूनमध्ये त्यांच्या बेरजा जुळेनाशा झाल्या. त्यांनी लगेच इंटेलला दोष दिला नाही. स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्डचा चिपसेट असा एकेक संशयित बाजूला काढत ते चार महिने खपले. जुन्या ४८६वर तेच गणित बरोबर येतं आणि इतर पेंटियमवरही चुकतं, हे ताडून पाहिल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांनी तोंड उघडलं. भागाकारात चुकणाऱ्या पेंटियमचं ते गाजलेलं प्रकरण इंटेलला ४७.५ कोटी डॉलरना पडलं.

घरच्या माणसाला चार महिने नसतात, चार दिवस असतात. इलेक्ट्रॉनिक भागांची रीत अशी, की ज्याला खराब निघायचं असतं तो बऱ्याचदा सुरुवातीलाच निघतो. म्हणून बदलून मिळण्याची दुकानाची मुदत संपण्याआधी नव्या यंत्राला मुद्दाम घाम फोडावा. एक रात्र मेमटेस्ट, तासभर प्राइम९५ किंवा ओसीसीटी, अर्धा तास ग्राफिक्स कार्डवर पूर्ण भार, आणि मग सगळ्यांवर एकत्र. प्राइम९५ मूळ संख्या शोधणाऱ्यांसाठी बनलं. २०१६मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला गोठण्याचा दोष त्याच्याच वापरकर्त्यांनी पकडून दिला आणि तो बायॉसमधून दुरुस्त झाला. या चाचण्या पार पडेपर्यंत महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो नव्या संगणकावर हलवू नयेत. जुन्यावर राहू द्यावेत.

भाग खराबच निघाला तर कामाला येतात ती खोकी आणि बिलं. प्रत्येक भागाचं पक्कं, जीएसटीचं बिल घ्यावं आणि त्यावर सीरिअल नंबर लिहून घ्यावा. प्रोसेसरच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं काळं झाकण फेकू नये. त्याशिवाय परत पाठवलेल्या बोर्डच्या पिना वाटेत वाकल्या तर वॉरंटी नाकारली जाते. खोक्याशिवायचा, ‘ट्रे’मधला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण कंपनीची साधारणतः तीन वर्षांची वॉरंटी खोक्यातल्याला असते. तक्रार करताना ‘संगणक चालत नाही’ असं न लिहिता कोणती चाचणी किती वेळाने फसली ते लिहावं आणि मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो जोडावा. अशी तक्रार परतवून लावणं अवघड जातं.

दुकानदार आणि कंपनी दोघंही टोलवाटोलवी करू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तिथेही काम झालं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकील असण्याची सक्तीही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.